लेकीशी खोटं बोलले ते
"आई, खरं सांग, तू त्या नर्सला हात लावलास?" मला ताप भरला होता आणि लेक विचारत होती.

"न्हाई गं, माझं डोकं फिरलंय का?"

लेक आणि जावई आफ्रिकेत मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मी औशाहून त्यांच्या स्वयंपाकाला गेले होते. नदीपलीकडे इबोलाची साथ होती. कुणाला शिवायचं नाही, असं लेकीने बजावलं होतं. पण तिकडून परतलेल्या नर्सचं तोंड तापाने उतरलेलं दिसलं आणि मी तिच्या गालांवरून हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली.

लेक रागावेल म्हणून खोटं बोलले. हिवताप समजून तिने उघड्या हातांनी माझं अंग पुसलं.

मी जगले, जावई जगला. लेक गेली.