असू द्याचा दिवस

अन्याय माझ्या आत्यावर झाला. मागच्या वर्षी, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, आमच्या गावच्या थांब्यावर. करणारे आम्ही अकरा जण. त्यात ती स्वतः होती आणि मीही होते. माझ्या पिशवीत तेव्हा पत्रकांचा गठ्ठा होता, हे लपवत नाही.

चाकूरच्या अलीकडं मोठ्या रस्त्यावर फाटा आहे. तिथून चार किलोमीटर आत आमचं गाव. सव्वानऊची गाडी गावात यायची आणि आम्हाला लातूरला न्यायची. आत्या लातूरला दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. नवरा लवकर गेला. मग नोकरी, ती गाडी आणि मी, एवढाच तिचा संसार. गाडीत डावीकडची तिसरी खिडकी तिची. ती काच कधी बंद झाली नाही. थंडीत कानाला पदर गुंडाळून आत्या आगाराच्या नावानं बोटं मोडायची, आणि मी तिच्या उबेला टेकून शाळेची उजळणी करायची.

असू द्याचा दिवस तिनंच काढला. येळवशीला सगळं गाव शेतात असतं. आंबील पिऊन, भज्जी-उंडे खाऊन माणसं दुसऱ्या दिवशी जड झालेली असतात. अशाच एका सकाळी ती म्हणाली, "वरीसभर खिडकीवर लोकांची कुरकुर ऐकते, हितं तुमची ऐकते. एक दिस माझ्या कानाला सुट्टी द्या." नियम ठरला. त्या दिवशी काहीही होवो, म्हणायचं, असू द्या. जो कुरकुर करील त्यानं जागा सोडून लातूरपर्यंत उभं राहायचं.

गाडी अर्धा तास उशिरा? असू द्या. नळाला दहा दिवस पाणी नाही? असू द्या. निवृत्त गुरुजींचा अंगठा बँकेच्या मशीनवर उमटेना, तर ते म्हणाले, "असू द्या. अंगठा माझ्यापाशीच हाय, कुठं पळून चाललाय?" एका वर्षी वरच्या फळीवरून आंबिलीचा डबा कलंडला आणि सगळी आंबील आत्याच्या इस्त्रीच्या साडीवर. आत्यानं बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी हाय. असू द्या."

"मीठ कमी म्हणलात," कंडक्टर म्हणाला. "तक्रार झाली, बाई. उठा."

ती उठली. लातूरपर्यंत दांडा धरून उभी राहिली आणि वाटभर हसत होती. अंगाला आंबट ताकाचा वास. तिला तसं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

पुढं मी नांदेडला शिकायला गेले. तिथं पत्रक लिहायला शिकले. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधे रडगाणं नको. मागच्या येळवशीला शिक्षण संपवून घरी आले ती ही विद्या घेऊन.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर एक माणूस आला. गळ्यात एसटीचं ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. "कमी उत्पन्नाच्या गाड्यांची पाहणी करून राहिलोय," तो म्हणाला. "प्रवाशांच्या काही अडचणी, मागण्या?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कुणाचंच हसू आवरेना.

"अडचण कसली?" आत्या म्हणाली. "समदं झकास हाय."

"गाडी येळेवर येते?"

"आली तर बेस," गुरुजी म्हणाले, "न्हाई आली तर त्याहून बेस."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. आत्यानं दंडाला चिमटा काढला. "गप. उभी राहशील." मी गप्प बसले. त्यानं आम्ही बोललो तेच लिहून घेतलं, एक अक्षर वाढवलं नाही. खाली अकरा सह्या झाल्या. माझी सही सगळ्यांत सुबक.

होळीच्या आत गाडी बंद झाली. मी अर्ज केला. उत्तरादाखल आमच्याच कागदाची झेरॉक्स आली. 'न्हाई आली तर त्याहून बेस' याखाली रेघ, आणि बाजूला शेरा: गाडी नसल्यास ग्रामस्थांची हरकत नाही. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर आत्याच्या गुडघ्यांना झेपेनात. महिनाभर तिनं ओढलं, मग लातूरला माडीवर एक खोली घेतली. तिच्या घराची किल्ली आमच्या खुंटीला आहे. मी अधूनमधून कुलूप काढते, झाडते. फडताळात तिचा डबा पालथा आहे. रोज सव्वानऊला माझे कान फाट्याकडं जातात. गाडीचा आवाज मला अजून पाठ आहे, चढावर दुसऱ्या गिअरला कण्हायची तो.

परवा फोन केला. गुडघा विचारला. "असू दे," म्हणाली. वर पाणी चढवावं लागतंय का? "असू दे." येळवशीला येशील? "दुसऱ्या दिशी ड्युटी हाय, पोरी. सकाळी परत कशी जाऊ? असू दे."

तिचा एक दिवसाचा सण आता वर्षभर चालतो. आणि त्यात ती हसत नाही. आम्ही बाकीचे दिवस भांडत होतो, म्हणून त्या एका दिवसाची मजा होती, हे मला पत्रकं वाटून कळलं नाही. फोन ठेवल्यावर कळलं.

तेव्हा मागणी. तुम्ही गावातले असा नाहीतर लातूर-नांदेड रस्त्यावरचे कुणीही असा, या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सव्वानऊला आमच्या थांब्यावर या. नवा कागद मी आणते. गाडी पाहिजे, असं तुमच्या हातानं लिहा, खाली सही करा. आणि गाडी सुरू झाली की पहिल्या दिवशी तिसरी खिडकी मोकळी ठेवा. तक्रार केली म्हणून आपण सगळे उभे राहू.