टकळीच्या सरावात लागलेली झोप

आमच्या धाकटीसारखी पोरगी अख्ख्या खानदानात झाली नाही; खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री करायची आणि संध्याकाळी रुग्णसेवेच्या क्लासला जायचं. थोरल्याची गाडी सातवीतच रुतली, ही पार सर्टिफिकेटाच्या दारात पोचली! पण त्या संध्याकाळी तिच्या पायांचे तुकडे पडले होते, डोळे आपोआप मिटत होते.

वर्गात पुढे उभी राहून तिची मैत्रीण प्रेझेंटेशन देत होती. तोंड सुटलं की थांबत नसे, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. विषय होता, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची. उद्या हेच परीक्षकांसमोर करायचं होतं. टकळी आधी एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर क्लास बंद, असं सासऱ्यांनी बजावलं होतं.

बाईंचा नियम असा, की मैत्रिणीच्या कामावर बोलताना आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक 'पण'. धाकटीची पाळी आली. दमलेल्या डोक्यातून चांगलं काही निघेचना, नुसता 'पण' निसटला.

"पण मी पेशंट असते ना, तर पळून गेले असते."

वर्ग खो खो हसला. टकळीचं तोंड एवढंसं झालं.

क्लास सुटल्यावर पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली, "मी उद्या येतच नाही. तूच हो पास, शहाणे!"

"अगं बये, ऐक तरी. सगळं बरोबर केलंस. हात कुठे धरायचा, तेसुद्धा. पण तुझं बोलणं सगळं बाईंशी, तेही सुपरफास्ट. पेशंटला एक शब्द नाही! त्याला काय कळणार, वळवतायत की ढकलतायत?"

"मग तूच हो पेशंट," टकळी गुरगुरली.

धाकटी सरावाच्या खाटेवर आडवी झाली. टकळीने खांद्यावर हात ठेवला. "मी आता तुम्हाला डावीकडे वळवते हं. घाई नाही. पडू देणार नाही."

कूस बदलली, पाठीशी उशी लावली, विचारलं, "बरं वाटतंय का?" उत्तर नाही. वाकून बघते तर पेशंट घोरतोय!

"झोपलीस? इतकं रटाळ झालं?" तिने गदागदा हलवलं.

डोळे न उघडताच धाकटी पुटपुटली, "घाबरलेल्या माणसाला झोप लागते होय गं?"

टकळीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"बरं, आता उजवी कूस," ती म्हणाली. "आणि झोप आली तर झोप."