नाचाचे दोन क्रेडिट

मी जळगावच्या ज्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, तिथे विज्ञानाच्या मुलांनाही एक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यावाच लागतो. तो देणारे क्लार्क भाऊ आवड विचारत नाहीत, चेहरा बघतात. "तुनं तोंड इतिहासनं शे," म्हणतात आणि शिक्का मारतात.

परवा नरडाण्याची एक मुलगी खिडकीशी रडायलाच लागली. जागा फक्त लोकनृत्यात उरली होती.

"भाऊ, मला नाचता येत नाही हो. आता पदवी अडणार!"

भाऊ उठून बाहेर आले आणि रांगेसमोर, कमरेवर हात ठेवून, अतिशय गंभीरपणे, भयंकर नाचले.

"इतलं वाईट तरी तुले जमी ना?"

मुलगी हसत "हो" म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तसे भाऊ खवळले.

"टाळ्या कसाले? दोन क्रेडिटना विषय शे हाऊ!"

मीही मुकाट्याने हात खाली घेतले.