दोनदा वाजणारी बेल

काका आमची बेल नेहमी दोनदा वाजवायचे. मी पहिल्या बेललाच दार उघडलं तरी माझ्या डोळ्यांदेखत बोट पुन्हा बटणावर! "आमच्या गावात चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देतं. शेतातल्या माणसाला पहिल्यांदा ऐकू आले नाहीत तर?"

आता हे गाव कुठलं, तर दक्षिण फ्रान्समधलं, द्राक्षांच्या मळ्यांत वसलेलं, मूठभर घरांचं. काका मूळचे पुण्याचे, राहायला इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीत, आमच्या शेजारी. काकू गेल्यापासून एकटेच. आणि सांगू का? त्या गावात त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं! मुलगी तिथल्या मुलाशी लग्न करून तिकडे गेली. दर रविवारी ती फोन हातात धरून गावभर फिरायची आणि काका वेरिबीच्या सोफ्यावरून बेकरीवाल्याला "बोंजूर" ठोकायचे. तेवढ्या भांडवलावर हा माणूस आमच्या अख्ख्या स्ट्रीटला अक्कल शिकवायचा.

कोविडात सगळं जग भाज्या साबणाने धूत होतं, तेव्हा हे सुपरमार्केटमधून लांबडा पाव उघडाच काखेत मारून यायचे.

"काका, पिशवीत घ्या की तो!"

"आमच्या गावात पाव असाच नेतात."

"तुमच्या गावात काखेला घाम येत नाही वाटतं?"

"कोरडी हवा आहे तिथली," काका शांतपणे म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी काय भांडणार?

लॉकडाऊन लागला आणि त्याच सुमारास तिकडे नात झाली. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागायची. काकांनी मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. त्या दिवशी कुंपणापलीकडून म्हणाले, "अगं, मी उचलून घेईपर्यंत ती चालायला लागेल." मी तोंड उघडलं ते काहीतरी टोचून बोलायला, सवयच ती मेली. पण रडूच आलं मला.

नात चालायला लागली, बोलायलाही लागली, तेव्हा कुठे सीमा उघडल्या. काका निघाले. जाताना बेल वाजवलीच, दोनदा.

पुढचं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. काकांनी कुणालाही रस्ता न विचारता चौकातून बरोबर वळण घेऊन घर गाठलं. वाटेत बेकरीवाल्याने लांबूनच हात केला. सगळ्या गावाने त्यांना ओळखलं. नात मात्र आईच्या पायांमागे लपली. "हे बघ आजोबा," असं आईने सांगितलं तर ती मान हलवून टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवायला लागली. तिचे आजोबा त्यात राहायचे ना!

काकांनी वाद घातला नाही, हा एक चमत्कारच म्हणायचा. मुकाट्याने बाहेर गल्लीत गेले, दार ओढून घेतलं आणि तिथून घरात व्हिडिओ कॉल लावला. "आजोबा!" पोरगी खिदळली. काका फोनमधून तिच्याशी बोलत बोलत दाराशी आले. बेल वाजली. ती जागची हलली नाही.

मग बेल पुन्हा वाजली, आणि फोन तिथेच टाकून ती दाराकडे धावली.