कोरा सोडलेला रकाना

सिस्टरांच्या कॉलेजातून आम्ही बी.ए. होऊन तीस वर्षं उलटली. त्यातली शेवटची अकरा वर्षं वर्गातल्या मुलींची ख्यालीखुशाली जमवायचं काम माझ्याकडे आहे. डिसेंबरात फॉर्म पाठवायचा, जानेवारीअखेर सगळं छापून घरोघरी पोचवायचं. रकाने सहा: गाव, हुद्दा, घरची माणसं, तब्येत, नवीन काय, फोन. गोंदियात मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. उशिरा आलेला कागद मला खपत नाही आणि कोरा रकाना तर अजिबात नाही.

माणसं स्वतःबद्दल लिहितात ते सगळं खरं धरायचं नसतं, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकले. एकीची मुलगी फॉर्मवर दरवर्षी 'परदेशी जाण्याच्या तयारीत' असते आणि मला बाजारात भेंडी निवडताना दिसते. मी कोणाला काही बोलत नाही. नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करते.

सालेकसाकडच्या मैत्रिणीच्या नावापुढे अशा चार खुणा झाल्या होत्या. होस्टेलमध्ये तिची खाट माझ्या शेजारी होती. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरांना उलटे प्रश्न विचारणारी ती एकटीच. फॉर्मवर तिचा हुद्दा आधी 'शिक्षिका' होता, मग 'मुख्याध्यापिका' झाला. गाव तेच, शाळा तीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं आणि बदली नाही? बदल्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात, त्यात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. फोटो मागितला की तिच्याकडे नेटवर्क नसायचं.

यंदा फेब्रुवारीत माजी विद्यार्थिनींचा मेळावा ठरला. कॉलेजातून सिस्टरांचा फोन आला. "वो जो गाँव में हेडमिस्ट्रेस है ना, उसका सत्कार करेंगे. मी पत्र पाठवलं आहे. तुम्ही फक्त माहिती पक्की करून द्या."

माहिती पक्की करायची म्हणून मी एक दिवस रजा टाकली आणि सकाळच्या पॅसेंजरने सालेकसाला उतरले. पुढे ऑटो. शाळेच्या भिंतीवर मुख्याध्यापकांचं नाव रंगवलं होतं, ते पुरुषाचं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर मोठं पातेलं चढवलेलं आणि हातात लांब दांड्याचा झारा घेऊन माझी मैत्रीण उभी.

"काऊन व, न सांगता आली?"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खिचडी." तिने झारा फिरवला. "तपासाले आली ना? होस्टेलात साबणाची वडी पण खूण करून ठेवायची तू. बस. खिचडी खाली लागून राहिली."

"तू मुख्याध्यापिका आहेस असं लिहितेस."

"सुरुवात कोणी केली? पयल्या साली मी हुद्दा कोरा सोडला होता. पोषण आहाराची स्वयंपाकीण, असं काय लिहू त्या सगळ्यायमध्ये? तर छापून आलं, शिक्षिका."

मला आठवलं. छपाईला द्यायच्या दिवशी तिचा एकच रकाना रिकामा होता. कॉलेजात ती बी.एड. करणार म्हणायची, म्हणून मी फोनसुद्धा न लावता लिहून टाकलं होतं. इतकी वर्षं सगळ्यांवर संशय घेतला, माझ्या स्वतःच्या अक्षरावर कधी घेतला नाही.

"मग कळवायचं ना मला!"

"कळवणार होती. पण सासूनं वाचून घेतलं, तर बुढी दोन दिवस हासत होती, सून मास्तरीण झाली म्हणून. मंग पुढच्या साली काय लिहू? नोकरी गेली?"

"आणि मुख्याध्यापिका?"

"जन्मभर मास्तरीणच राहू का? बढती नको?"

दोघी हसलो. मग तिने चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली. "सिस्टरचं पत्र आलं. मले यायचं आहे व. तीस वर्षांत तुम्हा कोणाले पाहिलं नाही. पण ती शाल अंगावर घेऊन नाही बसू शकत मी. आणि बिमार आहे म्हणून कळवू नको. एकदा बिमार झाली, की दरवेळी बिमारच राहावं लागन."

"मग काय करू?"

"तूनं लिहिलं, तूच खोड."

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर बसून मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: ती शाळेत स्वयंपाक करते, शिक्षिका कधीच नव्हती, पहिल्या वर्षी तो शब्द मी घातला. सिस्टरांनाही तसंच कळवलं.

गाडी आमगाव सोडेपर्यंत फोन वाजायला लागला. "माझ्या नवऱ्याची बढती पण तूच केलीस का?" "माझ्या फॉर्मात काय काय भरलंस ते सांग." दोन दिवस माझ्याकडे खिसेकापूकडे पाहावं तसं पाहणं चाललं होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी अकरा वर्षांचे मूळ फॉर्म कपाटातून काढले, फोटो काढून जिचे तिला पाठवले.

तिसऱ्या दिवसापासून खाजगीत निरोप यायला लागले. पार्लर कधीच बंद झालं आहे, तेवढं बदल. नवरा कामानिमित्त बाहेरगावी नाही, मी भावाकडे राहते, तसं लिही. मी मूळ फॉर्म पुन्हा पाहिले. या रकान्यांना माझा हात लागलाच नव्हता. आता तरी खरं सांगताहेत का, हा प्रश्न मला पडलाच, पण मी दुरुस्त्या जशाच्या तशा उतरवून घेतल्या.

सिस्टरांनी सत्कार रद्द केला, आमंत्रण तसंच ठेवलं. त्याच दुपारी सालेकसाहून फोन आला.

"सगळ्यायले कळलं?"

"सगळ्यांना."

"कोणी हासलं?"

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "दोघी हसल्या."

"कोण?"

मी नावं सांगितली.

"येते मी," ती म्हणाली. "त्या दोघीयच्या मधातच बसव मले."