देवळालीमार्गे लंका

आमच्या लंकेच्या सफरीत जो काही घोटाळा झाला, त्याला मी एकटा जबाबदार आहे, असं आमच्या घरात दोन विरुद्ध एक मतांनी ठरलेलं आहे. ते एक मत माझं.

मी नगरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. घरात माणसं तीन. मी, माझी बायको आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आईमागं मला तिनंच वाढवलं, त्यामुळं मला चाळिशी लागली तरी तिच्या लेखी मी अजून शेंबडा दत्तूच होतो.

महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या लष्करी छावणीत कारकून म्हणून गुणपाल नावाचा एक सिंहली तरुण आला आणि आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिला. मुलगा सालस. मराठी शिकायची हौस दांडगी. फक्त ती तो आमच्याकडून न शिकता गवळ्याकडून शिकला!

"आत्या, तुमची भाकर लई ब्येस हाय!" असं तो म्हणाला की आत्या कपाळाला हात लावायची आणि आणखी एक भाकरी वाढायची.

एकदा वाढता वाढता तिनं सहज विचारलं, "काय रे, तुमच्या लंकेत अशोकवन आहे का अजून?"

"हाय की! माज्या मामाच्या गावाजवळच हाय. सीतामाईचं देऊळ हाय, झुळझुळ ओढा हाय."

आत्याचा हात ताटावरच थांबला. काशी तिची झाली होती, रामेश्वर झालं होतं. रामेश्वरच्या किनाऱ्यावर उभी राहून तिनं पलीकडं बघितलंही होतं. पण पलीकडं जाता येतं, तिथं ओळखीचा माणूस असतो आणि त्याचा मामा अशोकवनाजवळ राहतो, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. (मला मात्र रोज मागितलं.)

युद्ध संपलं, गुणपाल कोलंबोला परतला आणि त्याचं बोलावणं आलं. मामाची मोटार मिळणार होती. तो स्वतः रजा काढून सगळीकडं फिरवणार होता. त्याची आई आत्यासाठी नवी कोरी भांडी घेऊन वेगळी चूल मांडणार होती. राहायला घर, फिरायला मोटार, सांगायला घरचा माणूस! राजेरजवाड्यांनाही अशी सफर मिळत नसेल. अट एकच होती, ती गुणपालच्या रजेची. मिळाली होती ती रजा हुकली तर पुढची केव्हा, हे त्याच्या साहेबालाच ठाऊक.

"आणि पुढच्या वर्षी मी असेन की नाही, हे तुझ्या गणितात बसतंय का?" आत्या म्हणाली.

मी तयारीला लागलो. लांबचा प्रवास म्हणजे आधी माहिती हवी. मी गुणपालला सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. मामाचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच? मोटारीत ट्रंक धरून किती माणसं बसतात? जळवा चावतात का, चावल्यास सरासरी किती? त्याचं उत्तर आलं, "मास्तर, तुम्ही या तर खरं."

हे काही उत्तर नव्हे. पण आत्याला ते फार आवडलं.

मद्रासपर्यंतची तिकिटं काढली. टोचून घेतलं. (आत्याला टोचायला डॉक्टरला सोवळ्यानं यावं लागलं, तो वेगळा विषय आहे.) टोचल्याचे दाखले मिळाले. रामेश्वरजवळच्या मंडपमच्या तपासणीत ते दाखवल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू देत नसत. सगळं जिथल्या तिथं बसलं. मग आत्यानं पंचांग काढलं.

"दत्तू, गाडी कधीची?"

"गुरुवारची."

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ!"

गुरुवारी दक्षिणेकडं निघू नये, असं शास्त्र आहे म्हणे. पण तिकिटं गुरुवारची होती, रजा ठरलेली होती आणि लंका काही केल्या उत्तरेला नेता येत नव्हती. अशा पेचावर आपल्याकडं तोड असते, प्रस्थान ठेवण्याची. चांगल्या मुहूर्तावर आपल्या जिनसांचं एक गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या घरी ठेवून यायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग खुशाल गुरुवारी जावं, जाता जाता गाठोडं उचलावं. एवढंच की एकदा ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणायचं नसतं, आणि गावाची शीव ओलांडेपर्यंत त्याची गाठ सोडायची नसते.

"मुहूर्त मंगळवारी सकाळचा," आत्या म्हणाली. "तांदूळ, सुपारी, हळकुंड, वाटीभर हळद. आणि निघणाऱ्याची एखादी वस्तू घाल. ज्याच्यावाचून अडेल अशी हवी हं. उगाच फाटका रुमाल ठेवलास तर ते प्रस्थान खोटं होतं."

इथं माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू कोणती? धोतर? एका धोतरावाचून अडत नाही, माझ्याकडं सहा होती. चष्मा? दोन. मी घरभर फिरून एकेक वस्तू निकालात काढली. शेवटी उरल्या दोनच गोष्टी. तीन तिकिटं आणि तीन दाखले!

मी ते गाठोड्यात घातले. सिद्धता बिनचूक होती. आजही मला तिच्यात चूक सापडत नाही.

आमच्या दक्षिणेला घर होतं रंगनाथचं. हा मूळचा देवळाली प्रवरेचा शेतकरी, पोरांच्या शिक्षणासाठी नगरला बिऱ्हाड केलेला. त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं, त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, "काळजी करू नका मास्तर. जिवापल्याड सांभाळीन."

बुधवारी सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर रंगनाथच्या दाराला कुलूप! शेजारच्या शिंप्यानं सांगितलं, "काल सांजच्याला गेली समदी देवळालीला. रंगनाथची आई लई आजारी हाय म्हनं."

"आणि आमचं गाठोडं?"

"ते काखंत मारूनच गेली की सखूबाई! म्हनली, दुसऱ्याचं प्रस्थान सुन्या घरात टाकून जाऊ नै."

मी घरात येऊन ही बातमी सांगितली. बायको म्हणाली, "अहो, पण देवळाली तर उत्तरेला!"

"आपण दक्षिणेला निघालो," आत्या सावकाश म्हणाली, "आणि पोचलो उत्तरेला." मग माझ्याकडं वळून, "जाऊ दे. सुपारी-तांदूळ काय, वाटेत दुसरे घेऊ. तू वस्तू कुठली घातली होतीस?"

मी सांगितलं.

माझ्या लग्नानंतर प्रथमच त्या दोघी एकाच वेळी गप्प बसल्या. मग आत्या खाली बसली. रागावली असती तर मला परवडलं असतं. ती नुसती म्हणाली, "म्हणजे राहिलं माझं अशोकवन."

मी टोपी घातली. "आत्ता जाऊन घेऊन येतो!"

"थांब. आज बुधवार. उत्तरेला दिशाशूळ."

"आत्या!"

"हे धणे चाव आणि जा. बुधवारचा दोष धण्यानं जातो."

"मग गुरुवारी आपण काहीतरी चावून निघालो असतो की!"

"समुद्र ओलांडायला धणे पुरत नाहीत," आत्या म्हणाली.

त्या काळी सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चालत म्हणजे, उतारावर. आमची मोटार नागापूरलाच धापा टाकून उभी राहिली. सगळ्यांनी उतरून ढकलली. विळदच्या घाटात ती उताराला लागली तेव्हा कुठं ड्रायव्हरच्या तोंडावर रंग आला. देवळालीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

मी रंगनाथच्या वाड्यात घुसलो तो रडारडीची तयारी ठेवून. समोर ओट्यावर त्याची म्हातारी ठणठणीत बसून शेंगा फोडत होती! हुरडा अंमळ जास्त झाला होता, एवढंच. सखूबाईनं मला बघून डोक्यावर पदर घेतला.

"मास्तर? प्रस्थान ठिवून तुमी हिकडं कुठं?"

"आमचं गाठोडं द्या आधी! त्यात तिकिटं आहेत. मी आत्ताच्या आत्ता घरी घेऊन जातो."

'घरी' म्हटल्याबरोबर म्हातारीनं शेंगा खाली ठेवल्या. "घरी? प्रस्थान माघारी घरी? न्हाई गावायचं."

"अहो आजी, पण त्यात…"

"त्यात सोनं असू दे. माघारी नेलं तर निघालेल्या मानसाचं बरं होत न्हाई. तुमी शिकलेले ना? एवढं ठावं न्हाई?"

"मला सगळं ठाऊक आहे! पण उद्या गाडी आहे आणि…"

"गाडी हितनंच जाती की," म्हातारी म्हणाली. "राहुरीच्या ठेसनातनं. तीच फुडं नगरला जाती. हितनं बसा, मंडळी नगरला बसतील. घरात पाय टाकायचं कामच काय?"

मनमाडहून दौंडला जाणारी आमची तीच गाडी राहुरीवरून येते, हे वेळापत्रक पाठ असलेल्या मला सुचायला हवं होतं. रंगनाथनं पहाटेच्या मोटारीनं नगर गाठून निरोप द्यायचं कबूल केलं. म्हातारीनं मला पोटभर पिठलं-भाकरी घातली, हुरडा मात्र दिला नाही.

गुरुवारी मी राहुरीहून नगरपर्यंतचं तिकीट काढलं आणि मांडीवर लंकेचं गाठोडं घेऊन बसलो. दर स्टेशनावर एकच विचार. रंगनाथची मोटार नागापूरला बंद पडली असेल तर?

नगर आलं. फलाटावर आमचं कुणी नाही!

मी खाली उडी मारली. इंजिन पाणी घेत होतं तेवढाच काय तो वेळ. धावत फाटकाशी आलो, तर पलीकडं ट्रंका, वळकट्या, फराळाचे डबे, बायको, रंगनाथ, आणि सगळ्यात मोठ्या ट्रंकेवर आत्या! तिकिटाशिवाय इतक्या सामानासकट आत सोडायला फाटकावरचा तिकीट कलेक्टर तयार नव्हता.

"ही घ्या तिकिटं!" मी गाठोडं त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे गाठोडं आहे," तो म्हणाला. माणूस वयस्कर आणि शांत होता.

"आत आहेत!"

"मग उघडा."

मी गाठीला हात घातला मात्र, फाटकापलीकडून आवाज आला. "दत्तू! दक्षिणेची शीव ओलांडायची आहे अजून!"

"आत्या, गाडी जाईल!"

"जाऊ दे. गाठ सोडलीस तर मी येत नाही."

आणि तिचं ओठ मिटणं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला जायचं होतं, माझ्यापेक्षा दसपट जायचं होतं, तरी ती ट्रंकेवरून उठली नसती. गार्डानं शिट्टी तोंडाला लावली. माझी बायको देवाचं नाव घेऊ लागली. मी कलेक्टरला म्हणालो, "अहो, काहीतरी करा हो!" (चाळीस वर्षांचा गणिताचा शिक्षक, भर स्टेशनात, रडव्या आवाजात!)

त्यानं एकदा आत्याकडं बघितलं. एकदा गाठोड्यावरच्या कुंकवाकडं बघितलं. मग गाठोडं हातात घेतलं, डोळे मिटले आणि बाहेरूनच चाचपू लागला. तिकिटं त्या काळी जाड पुठ्ठ्याची असत.

"हे एक… हे दोन… हे काय, हळकुंड?"

"हळकुंड!" आत्या ओरडली.

"आणि हे तीन. बरोबर आहे. जाऊ द्या मंडळींना!"

रंगनाथनं ट्रंका डब्यात अक्षरशः फेकल्या. आत्याला आम्ही दोघांनी वर ओढलं आणि गाडी हलली. शीव गेल्याची खात्री करून आत्यानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. तिकिटं होती. दाखलेही होते. पण राहुरी-नगर प्रवासात वाटीभर हळद त्यांच्यात अशी काही मुरली होती की तिन्ही कागद नवरदेवासारखे पिवळेधमक झाले होते!

मंडपमच्या डॉक्टरनं ते बघितले आणि आधी आमचे डोळे तपासले. मग जिभा. कावीळ कुणालाच नाही म्हटल्यावर त्यानं कागद हुंगला, हसला आणि शिक्का मारला. हळदीचा वास त्याच्याही घरातला होता.

पलीकडं गुणपाल उभा होता. "आत्या, आलात जनू!" म्हणून त्यानं पायांना हात लावला, तेव्हा माझा जीव बुधवारनंतर पहिल्यांदा भांड्यात पडला.

मामाची मोटार हिरव्या डोंगरांतून वळणं घेत गेली. देऊळ अगदी लहान होतं. ओढा मात्र गुणपालनं सांगितला तसाच होता. आत्या काठावरच्या दगडावर बसली, पाण्यात पाय सोडले आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. डोळे पुसले. मला वाटलं, आता ती मला आशीर्वाद देणार.

"दत्तू," ती म्हणाली, "मारुती इथं आला तेव्हा रामाची खूण म्हणून अंगठी घेऊन आला होता ना रे?"

"हो."

"स्वतःजवळ ठेवून?"

"तोंडात धरून म्हणतात."

आत्यानं समाधानानं मान हलवली. "रामाला माणसाची पारख होती. तुझ्याकडं दिली असती, तर सीता इथंच बसली असती आणि अंगठी देवळालीला!"