सार्जंट परेरांचा जादा जोड

सार्जंट परेरांना मी पहिल्याच दिवशी, सगळ्या तुकडीसमोर, ‘अंकल’ म्हणालो. दोष माझा एकट्याचा नाही. सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये वाढलेल्या मराठी मुलासमोर मिशीवाला, पोट सुटलेला, वसईच्या मराठीत पुटपुटणारा माणूस उभा राहिला की तोंडातून दुसरं काही निघतच नाही. परेरा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अंकल घरी. इथे सार्जंट. आणि पाया पडायचा विचारपण करू नकोस, मेल्या." मी खरोखरच वाकायच्या बेतात होतो.

सिडनी सोडून मी युनिव्हर्सिटीसाठी ॲडलेडला आलो होतो आणि तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ फौजेत, गेलो तो देशसेवेसाठी, असं आईला सांगितलं. खरं म्हणजे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आपलं नाव घेऊन ओरडावं, एवढीच माझी गरज होती. दिवसा लेक्चर, मंगळवारी संध्याकाळी कवायत, मधूनमधून शनिवार-रविवार रानात. परेरांचंही तसंच. एरवी ते हॉस्पिटलात एक्स-रे काढत, त्यामुळे कवायतीतसुद्धा माणसाकडे आरपार बघत. कुणी कुरकुरला की त्यांचं ठरलेलं, "रडायचंय? चालता चालता रड."

प्रशिक्षणाच्या शेवटी पाठीवर ओझं घेऊन ठरलेल्या वेळेत मोठी चाल पुरी करायची होती. ती सेमिस्टरच्या सुट्टीत आली हे माझं नशीब. नापास झालो तर पुढची खेप ऐन परीक्षेच्या आठवड्यात, म्हणजे फौज सुटलीच. बाबांनी फोनवर निकाल आधीच देऊन ठेवला होता: "डिग्री फर्स्ट. बाकी सगळे छंद."

आदल्या संध्याकाळी मी रानात ताडपत्रीचा आडोसा बांधला. त्याला दार नव्हतं, उंबरठा नव्हता. तरी झोपताना मी बूट काढले आणि बाहेर नीट जोडीने ठेवले. सकाळी एकच होता. दुसरा कोल्ह्याने पळवला होता.

"बाहेर कशाला ठेवलेस, मेट?" शेजारच्या जॅकने विचारलं.

"घाण आत येऊ नये म्हणून."

जॅकने खाली वाकून आत पाहिलं. "आत मातीच आहे."

ही बातमी माझ्याआधी परेरांपर्यंत पोचली. ते आले, उरलेल्या बुटाकडे बघत राहिले. हसले नाहीत, मिशी मात्र हलली. मग स्वतःच्या सॅकमधून जादा जोड काढून माझ्यापुढे टाकला.

"मोठे होतील, सार्जंट."

"कोल्ह्याला सांगू मापाचे आणून द्यायला? दोन मोजे चढव."

मी चाललो. बूट माझ्या अर्धं पाऊल मागून येत होते. शेवटच्या चढावर टाचा सोलल्या आणि मी थांबलो. परेरा मागून आले, धापा टाकत, घामाने निथळत. त्यांना चालायची काहीच गरज नव्हती. सार्जंट लोक गाडीतून येऊ शकत. "सार्जंट, मला नाही जमणार," मी म्हणालो. त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि माझ्या पुढे जाऊन चालायला लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत रडलो, चालता चालता. सगळ्यात शेवटी पोचलो, पण वेळेत.

त्या दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी गवतावर आडवा होतो. परेरांनीच तो उचलला.

"नमस्कार वहिनी, परेरा बोलतोय. मुलगा पास झाला. युनी आणि फौज, दोन्ही करेल, काळजी करू नका. फक्त त्याला सांगा, बूट आत घेऊन झोपायचं. माझं ऐकत नाही."

पलीकडून आईचा आवाज मलाही ऐकू आला. "आत? चिखलाचे बूट, अंथरुणाशी?"

मेजरसमोरही मागे न हटणारा हा माणूस नकळत सावधानमध्ये उभा राहिला.

"बरोबर आहे वहिनी," ते म्हणाले. "बाहेरच ठेवू दे. मी पहारा लावतो."